केबिनची बोट

माझ्या नवऱ्याने, गॅरेथने, आणि मी बोट घ्यायचं ठरवलं, त्या वर्षी आमची ब्रॉनी दहाची होती आणि फर्गस सहाचा. समुद्रकाठच्या सिग्नेट गावात आमच्या रस्त्यावर अंगणात बोट नाही असं एकच घर होतं, ते आमचं. त्याला कारण मी. आठ वर्षांची असताना डोव्हरच्या धक्क्यावरून मी पाण्यात पडले होते. मावशीने केसांना धरून वर ओढलं. तेव्हापासून पाण्यावर गेलं की माझं डोकं ठणकतं, पोटात ढवळतं, छाती धडधडते. फेरीबोटीने समोरच्या ब्रूनी बेटावर जायचं असलं तरी मी गाडीतून उतरत नाही, डोळे मिटून बसते. गॅरेथने बारा वर्षं हे निमूट चालवून घेतलं. पण मुलं मोठी व्हायला लागली. शनिवार आला की शेजारीपाजारी पाण्यावर, आणि आमची दोघं कुंपणावर बसून त्यांना हात करायची. ते बघवेना म्हणून शेवटी मीच म्हटलं, बघू या एखादी.

माझ्या सासऱ्यांनी, मर्वनी, आठवड्याभरात दोन बोटी शोधून काढल्या. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच, त्यामुळे निवड करायची ती बोट बघूनच.

पहिली ट्रूडीची. ट्रूडी शाळेची बस चालवते, मुलं तिला ओळखत होती. बोट अॅल्युमिनियमची, उघडी, बसायला आडव्या फळ्या आणि मागे लटकवलेलं इंजिन. वर छप्पर नाही, बाजूला आडोसा नाही, पाणी हाताच्या अंतरावर. ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, पहिल्या रविवारी आम्ही ती घेऊन सिग्नेटच्या खाडीत अर्धा तास फिरलो. हुऑन नदीकडून बोचरा वारा येत होता आणि दर दुसऱ्या लाटेला तोंडावर पाणी उडत होतं. ब्रॉनी खिदळत होती. फर्गसला पाण्यात जेलीफिश दिसला आणि तो धरायला तो कमरेपासून वाकला. मी त्याची कॉलर जी पकडली ती धक्का येईपर्यंत सोडली नाही. उतरल्यावर माझी बोटं सरळ होईनात. ब्रॉनीने एकेक करून ती उघडली.

मर्वना ती बोट पसंत होती. ते म्हणाले, "ओलं व्हायला होतं, एवढंच. पाण्यावर जाऊन कोरडं राहायचं असेल तर मग घरी सोफ्यावर बसा."

"मर्व, तुम्हाला पोहता येतं. फर्गसला अजून धड तरंगताही येत नाही."

"म्हणून तर लाइफ जॅकेट असतं, पोरी."

मी मनात त्या बोटीवर फुली मारून टाकली.

दुसरी बोट केटरिंगच्या मरीनात, खासगी बोटींच्या धक्क्याला, उभी होती. नोएल पास्को नावाचे सत्तरीचे गृहस्थ तिचे मालक. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे आणि एकटेच मासे धरायला जायचे. बोटीचं नाव मेरीगोल्ड. पांढरी, फायबरची, जुनी पण नीट ठेवलेली. पुढे उतरायला दोन पायऱ्या आणि आत केबिन, तिथे दोन गाद्या. तिच्या छतात एक झडप. मधे काचांच्या आत चालवणाऱ्याची खुर्ची. मागच्या मोकळ्या भागावर कापडी छप्पर, आणि त्याला तिन्ही बाजूंनी पारदर्शक पडदे, चेन ओढली की घट्ट बंद होणारे. इंजिन मागे, पायाखालच्या फळ्यांच्या आत. त्या बोटीत पाय ठेवला आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ही बोट नाही, खोली आहे. मुलं गाद्यांवर उड्या मारायला लागली. बाहेर पाणी होतं, पण ते काचेपलीकडे होतं.

मर्वनी फळ्या उचलून आत डोकावलं, वाकून वास घेतला. पेट्रोलचं इंजिन पोटात घेऊन फिरणारी बोट त्यांना आवडत नसे. आग लागली तर पळायला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. नोएल रागावले नाहीत. त्यांनी इंजिनाचा पंखा दाखवला, चालू करण्याआधी चार मिनिटं तो कसा लावायचा ते दोनदा सांगितलं, आग विझवायचं नळकांडं दाखवलं. माणूस काळजीवाला होता, हे मला आजही म्हणावं लागतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते बरोबर येऊ शकत नव्हते. म्हणाले, शनिवारी दिवसभर घेऊन जा, घरच्यासारखी वापरा, मग ठरवा. सुरुवातीला जरा धुराचा वास येतो, दहा मिनिटांत जातो.

शनिवारी आम्ही चौघंच गेलो. थंडी कडाक्याची होती. माउंट वेलिंग्टनवर पार खाली बर्फ उतरलं होतं. बेट आणि किनारा यांमधल्या चॅनलचं पाणी मात्र तेल ओतल्यासारखं सपाट. उत्तरेकडून अगदी हलका वारा, आमच्या पाठीमागून. गॅरेथ म्हणाला, "रोवेना, तुझ्यासाठी ऑर्डर देऊन मागवलाय हा दिवस."

केटरिंगमधून बाहेर पडल्यावर आम्ही दक्षिणेला वळलो. गॉर्डनपर्यंत जायचं, तिथे नांगर टाकून जेवायचं आणि परत यायचं. मी एकेक करून सगळं बंद केलं. बाजूचे पडदे ओढले, मागचाही ओढला, चेन शेवटपर्यंत लावली. केबिनच्या छतातली झडप होती, फर्गस तिच्यातून डोकं काढेल म्हणून तिचीही कडी घातली. सगळीकडून बंद झाल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मुलांनी लाइफ जॅकेट टोचतंय म्हणून कुरकुर केली, तर मीच म्हटलं, काढा. आत आहात तोवर चालेल. दोघं गाद्यांवर पांघरूण घेऊन पत्ते खेळायला बसली. काचेवर वाफ धरत होती म्हणून गॅरेथने आपल्याजवळची सरकती खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. तेवढीच काय ती फट.

मला पाण्यावर बरं वाटावं म्हणून तो मुद्दाम सावकाश चालवत होता. धुराचा वास थोडा होता, मग जाणवेनासा झाला. की आम्हाला त्याची सवय झाली, कोण जाणे.

किनाऱ्यावरचं वुडब्रिज गाव गेलं, मग फ्लॉवरपॉट गेलं. मी मागच्या बाकावर थर्मासमधून चहा घेत बसले होते. उजवीकडे चेरीच्या बागा, उघड्याबोडक्या. अर्धा तास झाला असेल, माझं डोकं ठणकायला लागलं. मग पोटात ढवळायला लागलं. मग छाती. मी स्वतःला म्हटलं, झालं सुरू. मला स्वतःची लाज वाटली. पाणी सपाट, बोट बंद, मुलं आत, आणि तरी ही बया घाबरतेच आहे. मी किनाऱ्यावरची घरं मोजायला लागले, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. आकडे विसरायला लागले. परत पहिल्यापासून मोजायचे. सातच्या पुढे जाताच येईना.

गॅरेथला म्हटलं, मला बरं वाटत नाहीये. डोकं फुटतंय.

त्याने वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दमलेपणा होता. "तुझं नेहमीचंच आहे ते. डोळे मिटून बस जरा. मुलं बघ कशी शांत झोपलीयेत."

खरंच आतून आवाज येत नव्हता. मी समाधानाने डोळे मिटले.  मुलं शांत आहेत याचं मला बरं वाटलं.

मिडलटनच्या समोर आलो तेव्हा त्याने मला हाक मारली, मुलांना भूक लागली असेल, खायला दे म्हणाला. बेकरीतून आणलेली, शिंपल्यांचं सारण भरलेली पॅटिस कागदात गुंडाळलेली होती. मी उठले तर गुडघे वाकले. हाताने खुर्ची, काच, दाराची चौकट धरत पुढे गेले आणि दोन पायऱ्या बसूनच उतरले.

पत्ते गादीवर पसरलेले होते. ब्रॉनी भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे. तिच्या स्वेटरवर उलटी झालेली होती आणि तिने ती पुसलीही नव्हती. ब्रॉनीसारखी पोर, जिला बाहीवर जॅमचा डाग चालत नाही. मी विचारलं काय होतंय, तर म्हणाली, "आई, उठतेय मी." आणि उठली नाही. परत तेच म्हणाली, त्याच सुरात.

फर्गस कुशीवर होता. मी त्याला हलवलं. त्याचं डोकं हललं आणि जिकडे गेलं तिकडेच राहिलं. मी त्याच्या गालावर मारलं, आधी हळू, मग जोरात. गाल गरम होता, गुलाबी होता. झोपेतून उठवल्यावर हा मुलगा लाथा मारतो, शिव्या देतो. मी त्याला इतक्या जोरात मारलं की बोटं उमटली, आणि तो काहीच म्हणाला नाही.

काय झालंय ते मला कळलं होतं असं मी म्हणणार नाही. गॅस, विष, असला कुठलाही शब्द माझ्या डोक्यात नव्हता. डोक्यात काही राहतच नव्हतं. एवढंच कळलं की इथे आत हवा नाही, आणि मला हवा पाहिजे. मी गॅरेथच्या नावाने ओरडले, पण माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. डोक्यावर ती झडप होती. कडी सकाळी मीच घातलेली. ती काढायला किती वेळ लागला सांगता येत नाही. बोटं कडीवर जायची आणि घसरायची. शेवटी मुठीने खालून ठोकली, तेव्हा निघाली. झडप वर गेली आणि बर्फासारखी हवा तोंडावर आदळली.

मी फर्गसला काखेत धरून वर उचललं. सहा वर्षांचं पोर, पण अंग सोडलेलं; पोत्यासारखं जड. आधी हात बाहेर काढले, मग डोकं, मग खालून रेटा दिला आणि त्याला बोटीच्या उघड्या नाकाडावर ढकललं. तिथे कडेला घोट्याएवढ्या उंचीची सळई, बाकी काही नाही. पलीकडे पाणी. त्याच्या अंगात जॅकेट नव्हतं.

मी गादीवर उभी राहून कमरेपर्यंत बाहेर आले आणि त्याची पँट पकडली. आत ब्रॉनी होती. तिच्याकडे जायचं तर याला सोडावं लागणार. मी पायाने चाचपडून तिला ढोसलं आणि ओरडले की माझ्या पायाला धर, उभी राहा, तोंड वर कर. तिने धरलं. माझ्या पायाला धरून ती इंचाइंचाने वर सरकली, आणि तिचं तोंड माझ्या कमरेपाशी उघड्या हवेत आलं. ती तिथे उभी राहून रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मला केवढा धीर आला, ते सांगता येणार नाही.

फर्गस रडत नव्हता.

एवढ्यात गॅरेथने काचेतून मला पाहिलं. त्याला वाटलं मला वेड लागलं. नंतर त्याने सांगितलं, की त्याला खरंच वाटलं, भीतीने हिचं डोकं फिरलं आणि ही पोराला पाण्यात टाकतेय. त्याने इंजिन बंद केलं. बंद करताना गिअरचा दांडा त्याला सापडत नव्हता, हात दोनदा हवेतच गेला, आणि तेव्हा त्याला समजलं की आपल्यालाही काहीतरी होतंय.

इंजिन थांबलं आणि बोट वाऱ्याला आडवी झाली. तोवर पाणी सपाट होतं, पण एक फेरीबोट लांबून गेली होती, तिच्या लाटा आत्ता आमच्यापर्यंत येत होत्या. बोट डावीकडे कलली, उजवीकडे कलली. फर्गस थंड ओल्या फायबरवरून घसरायला लागला. आधी त्याचे पाय माझ्याकडून सरकले, मग कंबर. त्याचा एक हात सळईखालून बाहेर गेला आणि पाण्यावर लोंबायला लागला. मी पँट सोडली नाही. तिची शिवण उसवल्याचा आवाज मला ऐकू आला. पुढची लाट येताना मला दिसत होती. मी दुसऱ्या हाताने त्याचा पाय पकडला, मान वळवली आणि त्याच्या मोज्यात दात रोवले. तिसरा हात नव्हता म्हणून.

गॅरेथ बाजूच्या अरुंद पट्टीवरून रांगत आला. तो फर्गसच्या अंगावर आडवा पडला, सळईला दोन्ही हातांनी धरून. लाटा गेल्या. मग त्याने पोराच्या तोंडाशी कान नेला आणि तिथेच धरून ठेवला. मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

"आहे," तो म्हणाला. "श्वास आहे."

त्याने मला तिथेच ठेवून आत जाऊन रेडिओवर हाक घातली. आत जाताना तोंडाला बाही लावली होती. म्हणजे तोवर त्याच्या लक्षात आलं होतं. ती दहा-बारा मिनिटं मी माझ्या पोराचं पोट वर-खाली होताना बघत होते. प्रत्येक वेळी ते खाली जायचं, आणि परत वर येईपर्यंत मध्ये जी जागा असते, तिच्यात मी मरत होते. ब्रॉनी माझ्या कमरेला मिठी मारून दर थोड्या वेळाने विचारायची, झोपलाय ना तो, आई? मी हो म्हणायचे.

सॅमन मासे पाळतात त्या जाळ्यांवर काम करणारी एक बोट जवळच होती, ती आली. नारिंगी कपड्यांतली दोन माणसं. त्यांच्याकडे पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठी ठेवलेला ऑक्सिजन होता. त्यांतल्या दाढीवाल्याने फर्गसला उचलून आपल्या मांडीवर घेतलं, तोंडावर मास्क लावला आणि त्याच्याशी बोलायला लागला, फुटबॉलबद्दल. कुठल्या टीमचा रे तू? सांगू नकोस, तोंडावरूनच हरणाऱ्या टीमचा वाटतोस. शुद्धीत नसलेल्या पोराला तो चिडवत होता, सारखा, न थांबता. दुसऱ्याने ब्रॉनीला आणि मला मास्क दिला. वुडब्रिजच्या धक्क्यावर लागता लागता फर्गसने पाय झाडला आणि त्या माणसाच्या पोटात लाथ घातली.

होबार्टच्या हॉस्पिटलात आम्ही दोन दिवस होतो. कार्बन मोनॉक्साइड, डॉक्टर म्हणाल्या. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, छाती धडधडते, मग झोप येते. अजून पंधरा-वीस मिनिटं, असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या होत्या. गॅरेथने त्यांना हाताने थांबवलं. मुलांच्या मेंदूवर परिणाम झाला की नाही ते लगेच सांगता येत नाही, लक्ष ठेवा, म्हणाल्या. ते लक्ष ठेवणं मी अजून करते. फर्गस पाढा चुकला की मी तो त्याला परत परत म्हणायला लावते. सगळीच मुलं पाढे चुकतात, हे मला माहीत आहे.

मर्वनी एका जाणकाराला घेऊन मेरीगोल्डच्या फळ्या काढल्या. धूर बाहेर नेणारी रबरी नळी खालच्या अंगाने चिरली होती, हात घालून चाचपल्याशिवाय दिसणार नाही अशी. शिवाय वारा मागून, बोट सावकाश, सगळे पडदे लावलेले. बाहेर पडलेला धूरही मागच्या पडद्याच्या कडांमधून आत ओढला जात होता. नोएल नेहमी मागचं सगळं उघडं ठेवायचे. पडदे त्यांनी बायको गेल्यापासून एकदाही लावले नव्हते. थंडी तिलाच वाजायची, म्हणाले. ते काठी टेकत हॉस्पिटलात आले, आणि दारातच उभे राहून मुलांकडे बघत राहिले. मी त्यांना खुर्ची दिली. त्यांच्यावर रागवावं असं खूप वाटत होतं, पण पडदे मी लावले होते.

मर्व मला एकदाही म्हणाले नाहीत, बघ मी सांगत होतो. त्यांना आगीची भीती होती, मला पाण्याची. तिसऱ्या गोष्टीचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

गॅरेथ महिनाभर काच खाली केल्याशिवाय गाडी चालवत नव्हता, पावसातसुद्धा. एकदा भांडी घासता घासता म्हणाला, "तू सांगितलं होतंस. मी म्हटलं, तुझं नेहमीचंच."

मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं. ते खरंच होतं. पण माझं अर्धं मन त्याला ते वाक्य अजून माफ करत नाही, आणि ते त्याला ठाऊक आहे. आम्ही त्यावर भांडत नाही. कधी कधी भांडलो तर बरं होईल असं वाटतं.

बोटीचं नाव मी घरात काढू देत नव्हते. नोव्हेंबरात ट्रूडीने ब्रॉनीला बसमध्ये सांगितलं की तिची बोट अजून विकली गेली नाही. ब्रॉनीने ते जेवताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. फर्गस लगेच म्हणाला, त्याला जायचंय.  मर्वनी बटाटे पुढे केले. चार दिवसांनी मीच ट्रूडीला फोन केला.

पहिल्या दिवशी मर्व चालवायला होते. मी जॅकेटांचे पट्टे तीन तीनदा तपासले. वारा होता, पाणी तोंडावर उडत होतं, आणि डोकं ठणकायला लागलं. आता मला कळेना की ही कुठली भीती. इंजिन मागे बाहेर लटकतंय, चहूबाजूंनी हवा आहे, हे दिसत होतं, तरी मी मुलांना सारखे प्रश्न विचारत होते. ब्रॉनी, सात आठे किती? फर्गस, आजोबांचं आडनाव काय? फर्गस म्हणाला, "आई, तेच आडनाव माझंपण आहे."

दहाव्या मिनिटाला मी म्हटलं, मर्व, मला उतरवा.

त्यांनी जवळच्या वाळूला बोट लावली, माझा हात धरून मला गुडघाभर पाण्यात उतरवलं. मी बूट हातात घेऊन किनाऱ्याने चालत निघाले, दीड किलोमीटर. गॅरेथ, मुलं आणि मर्व माझ्या बाजूने, पाण्यातून, माझ्याच वेगाने येत होते. त्यांची बडबड मला सगळा वेळ ऐकू येत होती. ती थांबली की मी थांबायचे, आणि मग कुणीतरी परत बोलायला लागायचं.

पुढच्या रविवारी वीस मिनिटं बसले.